घासण्याआधी

मराठी घरात स्वयंपाकाच्या पुस्तकांना तोटा नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० साली निघालं. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि कितीतरी नवऱ्यामुलींबरोबर सासरी गेली. पदार्थ कसा करावा, पाक किती तारी असावा, भाजणीत काय काय घालावं, हे सांगणारी हजारो पानं आपल्याकडे आहेत. पंगत उठल्यावर जे मागं उरतं त्याचं काय करायचं, याबद्दल मात्र ती पुस्तकं बहुधा गप्प असतात. तळाला लागलेलं पातेलं, तेलकट ओटा, सावकाश निचरणारं सिंक, कायम ओली राहणारी न्हाणी यांचं शास्त्र सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे तोंडी चालत आलं. तोंडी ज्ञान हातात मुरलेलं असतं, हा त्याचा गुण. दोष असा की त्यात ‘का’ सांगितलेलं नसतं. ‘चिंच लाव, निघेल’ एवढं सांगतात. हीच चिंच तांब्याच्या घागरीला चालते आणि कडाप्प्याच्या ओट्याला का चालत नाही, हे राहून जातं. या लहानशा पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या ‘का’साठी आहे.

यातल्या बहुतेक युक्त्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घराघरांतून गोळा झाल्या आहेत. छत्रपती राजाराम महाराजांचं नाव लावणारी ही वसाहत जुन्या पेठांसारखी वाड्याला वाडा चिकटून वाढली नाही. सरळ मुख्य रस्ता आणि त्याला फुटलेल्या क्रमांकाच्या गल्ल्या अशी तिची आखणी आहे. इथं पत्ता सांगताना ‘तिसरी गल्ली’, ‘आठवी गल्ली’ म्हटलं की काम भागतं. जुन्या घरांत पुढं थोडं अंगण, मागं परडं, परड्यात न्हाणी, न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब आणि पार कोपऱ्यात संडास असायचा. भांडी परड्यातल्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या मोरीत बसून घासायची आणि उन्हात पालथी घालायची. न्हाणीला वरून कौलांतून उजेड, खालून वारा. सकाळची अंघोळ आटोपली की दुपारपर्यंत फरशी आपोआप खडखडीत वाळलेली.

आता त्यातल्या कितीतरी बैठ्या घरांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली. न्हाणी आणि संडास दोन्ही घरात आले, काही ठिकाणी थेट झोपायच्या खोलीला जोडले गेले. खिडकी उघडते ती डक्टमध्ये. मोरी जाऊन ओट्यावर सिंक आलं आणि बंबाच्या जागी गिझर. सोय झाली, यात शंका नाही. पावसात छत्री धरून परड्यात जायचा त्रास ज्यांनी काढलाय त्यांनी जुन्या दिवसांचे गोडवे गाऊ नयेत. फक्त एक गोष्ट हिशेबातून सुटली. त्या जुन्या घरात निम्मी सफाई ऊन आणि वारा करत होते. ते दोन गडी कामावरून गेले आणि त्यांची जागा आपण सुवासिक बाटल्यांना दिली. न्हाणीत फिनेलचा वास आला की ती स्वच्छ झाली असं आपण धरून चालतो. वास नाकाला लागतो, पण दाराच्या चौकटीखालची ओल तशीच राहते.

म्हणून या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर ते असं : सफाई म्हणजे जोर लावणं नव्हे, मळाची ओळख पटवणं. मळ कसला आहे आणि तो कशावर बसलाय, ही दोन उत्तरं मिळाली की घासायचं काम फार थोडं उरतं. ‘घासून घासून हात गेला, पण डाग काय जाईना,’ हे वाक्य युक्त्या गोळा करताना सगळ्यात जास्त कानावर पडलं. अशा बहुतेक घरांत डागाला चुकीचं औषध लावलेलं होतं, किंवा औषध बरोबर असून त्याला वेळ दिलेला नव्हता.

घरातला मळ मुख्यतः चार जातींचा असतो. तेलकट मळ, पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर, रंगाचा डाग, आणि जिवंत मळ म्हणजे बुरशी, शेवाळ व जंतू. चौघांचे स्वभाव निराळे, म्हणून उपायही निराळे.

कोल्हापुरात पहिला मान तेलकट मळाचा. ज्या गावात रविवारी मटणाच्या दुकानापुढं रांग लागते, मिसळीवर कट तरंगावा लागतो आणि वर्षाची चटणी उन्हाळ्यात कांडून डब्यांत भरली जाते, तिथल्या ओट्यामागच्या फरश्यांवर काय साचत असेल ते सांगायला नको. फोडणीचे बारीक थेंब वाफेबरोबर उडतात, भिंतीवर, पंख्यावर, कपाटाच्या वरच्या कडेला बसतात आणि गॅसच्या उष्णतेनं हळूहळू चिकट रोगणासारखे होतात. ताजं तेल साबणाच्या पाण्यानं एका पुसण्यात निघतं. महिन्याभरानं तेच तेल सुरीनं खरवडावं लागतं. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला, म्हणून तो दोघांना एकत्र करून वाहून नेतो. पण जुन्या, घट्ट झालेल्या थरात शिरायला त्याला अवधी लागतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घालून त्यात फडकं भिजवायचं, ते फरशीवर चिकटवून पाव तास ठेवायचं, मग पुसायचं. सोडा हाताची साल काढतो, म्हणून हातमोजे घालायचे.

तेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट इथल्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखी. शेंगदाण्याचं तेल गार झालं तरी पातळ राहतं. मटणाची चरबी राहत नाही, ती थिजते. तांबड्या रश्श्याचं पातेलं गरम पाण्यानं विसळून सिंकमध्ये ओतलं की चरबी वाहून गेली असं वाटतं. प्रत्यक्षात ती चार-सहा हात पुढं जाऊन पाइपात थिजते, तिच्यावर भाताची शितं आणि चहाची पावडर चिकटते आणि एक दिवस सिंक तुंबतं. तेव्हा पातेलं आधी वर्तमानपत्राच्या रद्दीनं पुसून घ्यावं, रद्दी कचऱ्याच्या डब्यात टाकावी आणि मगच पाण्याला लावावं. पुस्तकातली ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे आणि प्लंबरचा सगळ्यात जास्त खर्च वाचवणारीही.

दुसरी जात क्षारांची. नळाचं पाणी नदीचं असलं तर त्रास कमी, पण अपार्टमेंटला बोअरचं पाणी असेल तर बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत पांढरा खरबरीत थर धरतोच. काळ्या खडकातून येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं किंवा उडून गेलं की ते मागं राहतं. या थरापुढं साबण काहीच करू शकत नाही. उलट जड पाण्यात अंगाचा साबण स्वतःच चोथ्यासारखा फाटतो आणि न्हाणीच्या फरशीवर करडा थर बनून बसतो. क्षाराला आंबट लागतं. लिंबू, व्हिनेगर, किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व, यांतलं काहीही चालतं. शॉवर काढता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत व्हिनेगर घालून ती त्याच्या तोंडाला बांधायची, अर्ध्या तासानं सोडायची आणि साध्या पाण्यानं धुवायचं. रात्रभर ठेवायचं नाही, नाहीतर वरचा चकचकीत मुलामा जातो.

तिसरी जात रंगाची. हळद, चटणी, चहा आणि लोखंडाचा गंज हे चार डाग चार तऱ्हांचे आहेत. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि नवी सून घाबरते. घाबरायचं कारण नाही, हळदीला चुना लावल्यावर जे होतं तेच इथंही होतं. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, म्हणून डाग पडलेला डबा किंवा फडकं धुऊन एक-दोन दिवस कडक उन्हात ठेवावं. चटणीचा लाल रंग पाण्यात नाही, तेलात विरघळतो. लाल झालेल्या प्लॅस्टिकच्या डब्याला आधी गोड्या तेलाचा बोळा फिरवावा, मग साबण लावावा. तेलाला तेल लावायचं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही, करून पाहिल्यावर पटतं. चहाच्या कपाला खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप पुरतो. गंजाला पुन्हा आंबटच लागतं.

चौथी जात जिवंत मळाची, आणि तिथंच आपली सगळ्यात जास्त फसगत होते. कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की भिंती घाम फुटल्यासारख्या ओलसर होतात. न्हाणीच्या छतावर काळे ठिपके, पडद्याच्या खालच्या काठाला गुलाबी बुळबुळ, पाणी साठतं त्या कोपऱ्यात हिरवं शेवाळ. ते ब्लीचनं मारता येतं, पण ओल राहिली तर पुढच्या आठवड्यात परत येतं. अंघोळ झाल्यावर वायपरनं भिंतीवरून आणि फरशीवरून पाणी ओढून घ्यायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दार उघडं ठेवून एक्झॉस्ट पंखा थोडा वेळ चालू ठेवला की बुरशीची मुळं तिथंच तुटतात. शेवटी अंघोळ करणाऱ्यानं पाणी ओढायचं, असा नियम काही घरांनी केलाय आणि त्या घरांच्या न्हाण्या ओळखू येतात.

स्वयंपाकघरातला जिवंत मळ डोळ्यांना दिसत नाही. घरातली सगळ्यात घाण वस्तू बहुधा ओट्यावरच असते, ती म्हणजे भांडी घासायचा ओला स्पंज आणि ओटा पुसायचं फडकं. अन्नाचे कण, ओल आणि ऊब, जंतूंना हवं ते सगळं त्यात आहे. फडकं रोज रात्री साबणानं धुऊन दोरीवर पसरून वाळत घालावं, आठवड्यातून एकदा पाण्यात उकळावं. स्पंज बुळबुळीत होईपर्यंत वाट पाहू नये. मटण किंवा कोंबडी सिंकमध्ये धुतली की शिंतोडे शेजारच्या भांड्यांपर्यंत जातात, म्हणून आधी आजूबाजूचं सगळं उचलावं आणि नंतर सिंक, नळाची मूठ आणि ओटा साबणानं धुवावा. मटण कापायची पाटी आणि कोशिंबीर चिरायची पाटी वेगळी ठेवावी. दूध आणि अंड्याच्या भांड्याला पहिलं पाणी गार घालावं. कढत पाण्यानं त्यातली प्रथिनं शिजून तळाला घट्ट धरतात.

आपल्या आज्या-पणज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या मोरीत ते हजर होतं. बंबाची आणि चुलीची राख क्षारधर्मी असते. तेलकट भांड्यावर ती ओल्या हातानं चोळली की चरबीचा थोडा साबणच तयार होतो, शिवाय राखेचे बारीक कण घासायचं काम करतात. चिंच आणि लिंबाच्या आंबटाला मीठ मिळालं की तांब्या-पितळेवरचा काळा थर विरघळतो. रिठ्यात आणि शिकेकाईत फेस करणारं द्रव्य असतं. क्षारधर्मी द्रव्य, आंबट, फेस आणि घासण, चारही खाती त्या मोरीत होती. पुढं पुड्या आणि वड्या आल्या. १९६९ साली निरमा निघाली, १९८९ मध्ये ठाण्यात पितांबरी सुरू झाली. पुड्यांची नावं बदलली तरी खाती तीच चार राहिली. नवी वस्तू विकत घेताना ती यांतल्या कोणत्या खात्यात बसते एवढं ओळखलं, की सिंकखालच्या निम्म्या बाटल्या अनावश्यक आहेत हे कळतं.

हे एवढं समजलं की सध्याच्या एका लाडक्या युक्तीचंही पितळ उघडं पडतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं, फसफस झाली की पाइप मोकळा, असं मोबाइलवर सगळीकडे दाखवतात. सोडा क्षारधर्मी, व्हिनेगर आंबट. दोघं भेटले की एकमेकांना मारतात. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा आणि मागं उरतं जवळपास मिठाचं पाणी. फसफस डोळ्याला बरी वाटते, पण थिजलेल्या चरबीवर तिचा जोर चालत नाही. सोडा एकटा वापरावा, व्हिनेगर एकटं वापरावं, दोघंही आपापल्या जागी कामाचे आहेत. पाइप तुंबला असेल तर आधी रबरी पंप मारावा आणि सिंकखालचा वाकडा पाइप उघडून साफ करावा. तो वाकडा पाइप उगाच दिलेला नसतो. त्यात साठलेलं पाणी गटाराची घाण हवा आणि झुरळं घरात येऊ देत नाही. प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतात त्याचंही काम तेच. सुट्टीत महिनाभर गावी जाऊन आल्यावर न्हाणीत दुर्गंधी येते ती या ट्रॅपमधलं पाणी उडून गेल्यामुळं. तांब्याभर पाणी ओतलं की वास बंद होतो. फिनेल लागत नाही.

मळाइतकंच महत्त्व तो ज्यावर बसलाय त्याला. कडाप्पा, शहाबादी, कोटा आणि संगमरवर दिसायला निराळे, पण चौघेही चुन्याच्या कुळातले दगड. आंबट पदार्थ त्यांना खातो. ओट्यावर लिंबू पिळताना पडलेल्या थेंबाचा फिकट ठिपका पुसून जात नाही, कारण तो डाग नसून दगडाला पडलेला खड्डा असतो. जुन्या शहाबादी न्हाणीत ॲसिड ओतलं की फेस येतो आणि ‘बघा, कसा मळ निघतोय’ असं वाटतं. मळाबरोबर फरशीही निघत असते. भांडी घासायला येणाऱ्या एका मावशींनी मालकिणीला सांगितलेलं वाक्य या पुस्तकात ठळक छापलं आहे : ‘वहिनी, ॲसिड नको, ते फरशी खातंय.’ ग्रॅनाइट त्या मानानं चिवट. गुळगुळीत टाइल्सना ॲसिड सहन होतं, पण त्यांच्या सांध्यांतल्या पांढऱ्या सिमेंटला होत नाही. सांधे उघडे पडले की पाणी झिरपतं, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल येते आणि सोसायटीच्या बैठकीत भांडण पेटतं. या भांडणाचं मूळ कितीदा तरी दहा-वीस रुपयांच्या ॲसिडच्या बाटलीत असतं.

धातूंचंही तसंच. ॲल्युमिनियमच्या पातेल्याला धुण्याचा सोडा लावला की ते काळं पडतं, म्हणून करपलेल्या पातेल्यात सोड्याचं पाणी उकळायची युक्ती फक्त स्टीलसाठी. स्टीलचं सिंक चिवट दिसलं तरी ब्लीच आणि ॲसिड त्याला बारीक भोकं पाडतात. तारेची घासणी ओली तशीच सिंकमध्ये ठेवली की तिचा गंज स्टीलला लागतो. नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी दाखवूही नये. पोळपाट-लाटणं पाण्यात भिजत घालू नये, पुसून उभं करून वाळवावं.

तिसरी गोष्ट वेळेची. कुठलंही औषध लावल्या लावल्या धुऊन टाकलं तर ते वाया जातं. जंतू मारण्यासाठी ब्लीच वापरायचं तर आधी साबणानं मळ काढावा लागतो, कारण ब्लीचचा जोर मळावरच संपतो. बाजारातल्या द्रव ब्लीचमध्ये साधारण ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असतं. लिटरभर पाण्यात चहाचे चार चमचे, म्हणजे २० मिलिलिटर घातलं की घरगुती फरशीला पुरेल असं सुमारे ०.१ टक्क्याचं पाणी होतं. ते लावून दहा मिनिटं थांबायचं, मग धुवायचं. रोज ताजं करायचं, कारण उजेडात आणि उकाड्यात त्याचा जोर उतरतो. क्रम नेहमी एकच ठेवायचा. कोरडा केर काढा, धुवा, औषध लावा, थांबा, पाणी मारा, वाळवा. थांबण्याच्या वेळात चहा होतो, ही त्या क्रमाची आणखी एक सोय.

इथं सुरात बदल करून एक गोष्ट बजावून सांगायला हवी. संडासाचं ॲसिड आणि ब्लीच कधीही, कोणत्याही कारणानं एकत्र करू नका. ‘दोन्ही घातलं म्हणजे दुप्पट स्वच्छ’ या समजुतीनं लोक करतात. दोघं मिळाल्यावर क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्र इथं जर्मन फौजांनी खंदकांतल्या सैनिकांवर सोडला तो हाच वायू. डक्टची खिडकी आणि बंद दार असलेल्या लहानशा संडासात तो सुटला तर डोळे चुरचुरतात, ठसका लागतो, छाती आवळते. अशा वेळी बाटल्या उचलत बसू नये. आहे तसं सोडून बाहेर मोकळ्या हवेत यावं, दारं-खिडक्या उघडाव्यात आणि त्रास थांबत नसेल तर दवाखाना गाठावा. अमोनिया असलेल्या, काच पुसायच्या द्रावणातही ब्लीच मिसळू नये. ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची पद्धत तर बंदच करावी. तहानलेलं मूल लेबल वाचत नाही.

सफाईचं पुस्तक पाण्याबद्दल गप्प राहू शकत नाही, आणि कोल्हापुरात तर नाहीच. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै इथं कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३ फूट. त्या दोन्ही पुरांत नदी ५५ फुटांच्या पुढं गेली. राजारामपुरीचा बराचसा भाग उंचावर असल्यानं इथल्या बहुतेक घरांत पाणी शिरलं नाही, पण उपसा केंद्रं बुडाली आणि नळ कोरडे पडले. बाहेर पाणीच पाणी आणि घरात बारडीभर पाण्याची मारामार. पूर आलेल्या भागातले पै-पाहुणे घरोघरी राहायला आले होते. त्या दिवसांत ज्यांनी एक बारडी दोनदा-तीनदा वापरली, भाजी धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला, त्यांच्याकडून एक अख्खं प्रकरण मिळालं. पूर ओसरल्यावर घर कसं धुवायचं, ओल्या भिंतीला रंग लावायची घाई का करू नये, चिखलावर थेट ब्लीचिंग पावडर टाकणं वाया का जातं, हेही त्यातच आहे. आता काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाइपलाइन आली आहे. पाणी आलं म्हणून काटकसर सोडावी असं नाही.

जे आपण ओततो ते कुठं जातं, हेही एकदा डोळ्यांपुढं आणलेलं बरं. सिंकचं आणि न्हाणीचं पाणी गटारात, गटारांतून नाल्यांत. शहराचं बरंच सांडपाणी जयंती नाल्याकडे धावतं. ते अडवून कसबा बावड्याच्या शुद्धीकरण केंद्राकडे नेतात. जे सुटतं ते पंचगंगेत जातं. पंचगंगा पुढं इचलकरंजीवरून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, तेव्हा दूषित पाणी म्हणजे काय हे सगळ्या जिल्ह्यानं पाहिलं. आपल्या एका सिंकमुळं नदी बिघडत नाही हे खरं, पण नदीपर्यंत जाणारं पाणी सिंकांमधूनच निघतं. गरजेपेक्षा जास्त ॲसिड आणि ब्लीच ओतलं की सेप्टिक टँकमधले आणि शुद्धीकरण केंद्रातले उपयोगी जंतूही मरतात. म्हणून प्रत्येक युक्तीपुढं नेमकं प्रमाण दिलं आहे. ‘थोडंसं जास्त’ घालण्याचा हात आवरावा, ही विनंती.

आता राहिला तो प्रश्न, जो अशा पुस्तकांत कुणी विचारत नाही : हे सगळं करायचं कुणी? आजवरच्या सगळ्या सल्ल्यांनी वाचक बाईच असणार हे गृहीत धरलं. घरच्या बाईनं नाही तर बाहेरून येणाऱ्या मावशीनं. त्याही पलीकडे, संडास साफ करण्याचं काम आपल्या समाजानं पिढ्यानपिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं आणि त्यांनाच अस्वच्छ ठरवलं. स्वतःच्या घरातला संडास स्वतः घासणं ही म्हणूनच साधी गोष्ट नाही. संत गाडगेबाबा एखाद्या गावात गेले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. महाराष्ट्र सरकारनं ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचं नाव दिलं, घरातल्या पुरुषांनी त्यांचा खराटा मात्र अजून नीटसा हाती घेतलेला नाही. या पुस्तकातलं कुठलंही काम बायकांचं म्हणून लिहिलेलं नाही. क्रियापदं मुद्दाम सर्वांना लागू पडतील अशी ठेवली आहेत. आणि मावशींकडून काम करून घेणाऱ्यांसाठी एक पान वेगळं आहे : हातमोजे घरातून द्या, ॲसिड त्यांच्या हाती देऊ नका, संडासाचं काम सांगायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरवा.

पुस्तकाची मांडणी सोपी आहे. पहिल्या भागात स्वयंपाकघर : ओटा, सिंक, शेगडी, फ्रिज, डबे, फडकी. दुसऱ्यात न्हाणी आणि संडास : फरशी, सांधे, नळ, ट्रॅप, बुरशी. तिसऱ्यात सणवार : गौरी-गणपती, दसरा, दिवाळीला माळ्यावरून उतरणारी तांब्या-पितळेची भांडी. चौथ्यात पूर, पाणीटंचाई आणि महिनाभर बंद राहिलेलं घर. प्रत्येक युक्तीखाली तीनच गोष्टी दिल्या आहेत : काय लागेल, किती वेळ थांबायचं, आणि कशावर वापरायचं नाही. तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती वाचल्याशिवाय हात लावू नका. ज्या युक्त्या फक्त ऐकायला छान होत्या त्या गाळल्या. कारण सांगता येईना त्याही गाळल्या, मग त्या कितीही जुन्या असोत.

दिवाळीला एकदा अख्खं घर काढून चार दिवस कंबर मोडून घेण्यापेक्षा रोजची पाच मिनिटं स्वस्त पडतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी करत नाही. कारण सुरुवात कुठून करायची हेच ठरत नाही. तेव्हा हे पुस्तक पहिल्या पानापासून क्रमानं वाचायची गरज नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर सिंकची जाळी उचला, खालचं खरकटं काढा, जाळी साबणानं धुवा, ओट्याचं फडकं धुऊन दोरीवर टाका. बाकीची प्रकरणं उद्या वाचली तरी चालतील.

राजारामपुरी, कोल्हापूर